इंग्रजी क्रियापदाला कोणतं प्रेपोझिशन लावायचं? नव्याने शिकणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

काळ पाठ झाले, शब्द हाताशी आले, वाक्यंही जुळू लागली, तरी मराठी माणसाच्या इंग्रजीत एक अडचण अगदी शेवटपर्यंत टिकून राहते. ती म्हणजे क्रियापदानंतरचं प्रेपोझिशन. ‘लिसन’नंतर ‘टू’ का येतं, ‘डिपेंड’नंतर ‘ऑन’ का, आणि ‘डिस्कस’नंतर काहीच का नाही?

शाळेत ‘इन’ म्हणजे आत, ‘ऑन’ म्हणजे वर, ‘अंडर’ म्हणजे खाली असं शिकवतात. वस्तू कुठे आहे हे सांगायला तेवढं पुरतं. पण ‘डिपेंड ऑन’मधला ‘ऑन’ कशाच्याही वर नसतो आणि ‘लुक आफ्टर’मधला ‘आफ्टर’ कशाच्याही नंतर नसतो. तिथे कोणतं प्रेपोझिशन यायचं ते क्रियापदच ठरवतं. त्याचा अर्थ उकलत बसण्यापेक्षा जोडी म्हणून ती लक्षात ठेवणं हाच खरा मार्ग आहे. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मसुद्यांत पुन्हा पुन्हा ज्या जागा अडतात, त्यांच्याच क्रमाने खालचे टप्पे लावले आहेत.

## १. सुरुवातीला जवळ काय हवं

फार काही लागत नाही, पण जे लागतं ते नेमकं हवं.

पहिली गोष्ट म्हणजे लर्नर्स डिक्शनरी. घरातला इंग्रजी-मराठी शब्दकोश या कामाला अपुरा पडतो. तो ‘लिसन’पुढे ‘ऐकणे’ असं लिहून थांबतो आणि तुम्ही निर्धास्तपणे ‘आय लिसन म्युझिक’ लिहून मोकळे होता. लर्नर्स डिक्शनरी मुळात परभाषकांसाठी असते. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना त्यांनी सहकाऱ्यांसोबत असा कोश तयार केला. तो १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो काढला. कोणत्या क्रियापदामागे वाक्यात काय येतं हे सांगणं हेच त्याचं वैशिष्ट्य होतं. आज ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांचेही लर्नर्स कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात.

या कोशांत ‘एसबी’ आणि ‘एसटीएच’ ही दोन लघुरूपं सतत भेटतात. पहिलं म्हणजे समबडी, कोणीतरी; दुसरं म्हणजे समथिंग, काहीतरी. ‘रिमाइंड एसबी ऑफ एसटीएच’ असं दिसलं की समजायचं, आधी माणूस, मग ‘ऑफ’, मग गोष्ट. अर्थाच्या ओळीआधी ही ओळ वाचायची सवय लावा. माझ्या मते सगळ्या लेखातली सर्वांत मोलाची सूचना हीच आहे.

दुसरी गोष्ट, कॉर्पस. कॉर्पस म्हणजे खऱ्या लिखाणाचा आणि बोलण्याचा मोठा साठा, ज्यात एखादा शब्द कसा वापरला गेलाय ते शोधता येतं. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत, तर कोका या अमेरिकन कॉर्पसमध्ये १०० कोटींहून जास्त. कोशात शंका फिटली नाही तरच इकडे वळा. साध्या इंटरनेट शोधावर मात्र विसंबू नका. तिथे चुकीचे प्रयोगही ढिगाने सापडतात आणि ढीग पाहून ते बरोबर वाटू लागतात.

तिसरी गोष्ट, एक वही. ती कशी भरायची ते तिसऱ्या टप्प्यात येईल.

## २. मराठी प्रत्ययाचं भाषांतर थांबवा

मराठीत बोलताना आपण नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लावतो: वर, शी, ला, ची, बद्दल. इंग्रजी वाक्य रचताना मन नकळत त्या प्रत्ययाला इंग्रजी जोड शोधतं. ‘वर’ दिसलं की ‘ऑन’, ‘शी’ दिसलं की ‘विथ’, ‘बद्दल’ दिसलं की ‘अबाउट’. बहुतेक चुका इथेच जन्माला येतात.

फक्त ‘वर’ घ्या आणि इंग्रजीत काय होतं ते पाहा.

- ते त्याच्यावर अवलंबून आहेत: ‘दे डिपेंड ऑन हिम’. इथे ‘ऑन’ जुळलं.
- ते त्याच्यावर हसले: ‘दे लाफ्ड ॲट हिम’.
- त्यांनी त्याच्यावर चोरीचा आरोप केला: ‘दे अक्यूज्ड हिम ऑफ थेफ्ट’.
- त्यांनी त्याच्यावर खापर फोडलं: ‘दे ब्लेम्ड हिम’.
- ते त्याच्यावर प्रेम करतात: ‘दे लव्ह हिम’.
- त्यांनी त्याच्यावर हल्ला केला: ‘दे अटॅक्ड हिम’.

मराठीत सहाही ठिकाणी ‘त्याच्यावर’. इंग्रजीत एकदा ‘ऑन’, एकदा ‘ॲट’, एका ठिकाणी ‘ऑफ’, पण तेही माणसाला नव्हे तर आरोपाला जोडलेलं, आणि उरलेल्या तीन ठिकाणी काहीच नाही. पहिलं वाक्य जुळतं म्हणून बाकीची जुळतील असं वाटतं, हा खरा धोका. योगायोगाने जुळलेल्या जोड्याच आपल्याला चुकीची सवय लावतात.

उलट दिशेनेही असंच होतं. ‘मी तुझी वाट पाहतोय’मध्ये षष्ठी आहे, इंग्रजीत ‘वेट’ला ‘फॉर’ लागतं. ‘मी गाणं ऐकतोय’मध्ये गाण्याला प्रत्ययच नाही, इंग्रजीत ‘लिसन’ला ‘टू’ हवंच. ‘चष्मा शोधतोय’मध्ये चष्मा उघडा आहे, इंग्रजीत ‘लुकिंग फॉर’ म्हणावं लागतं.

एक सराव करून पाहा. रोजच्या बोलण्यातली मराठी वाक्यं घ्या, त्यांतल्या प्रत्ययाखाली रेघ मारा आणि इंग्रजी कोशात फक्त क्रियापद शोधा. प्रत्ययाकडे ढुंकूनही बघायचं नाही. सुरुवातीला हे संथ वाटतं, पण मनातली जोडणी सुटायला याहून चांगला उपाय मला दिसलेला नाही.

## ३. सुटं क्रियापद नको, पूर्ण साचा लिहा

वहीत ‘अपॉलजाइज = माफी मागणे’ असं लिहू नका. असं लिहा: ‘अपॉलजाइज टू (कोणाची) फॉर (कशाबद्दल)’. मोकळ्या जागा मराठीत ठेवल्या की कुठे माणूस येतो आणि कुठे गोष्ट, ते डोळ्यांना लगेच दिसतं. ‘कम्प्लेन टू (कोणाकडे) अबाउट (कशाची)’ हे तसंच.

मग खाली स्वतःच्या गरजेचं एक वाक्य लिहा. कोशातलं उतरवू नका, तुम्ही खरोखर कोणाला तरी म्हणाल असं लिहा.

वही भरत गेली की दिसू लागतं की हे साचे कळपाने राहतात. हे कळप ओळखले तर पाठांतर निम्म्यावर येतं.

काहीतरी काढून घेण्याचा, दूर करण्याचा कळप ‘ऑफ’ घेतो: ‘रॉब’, ‘डिप्राइव्ह’, ‘क्युअर’, ‘रिलीव्ह’. अडवण्याचा कळप ‘फ्रॉम’ घेतो: ‘प्रिव्हेंट’, ‘स्टॉप’, ‘डिस्करेज’, ‘प्रोहिबिट’. कारण सांगण्याचा कळप ‘फॉर’ घेतो: ‘थँक’, ‘ब्लेम’, ‘पनिश’, ‘फर्गिव्ह’, ‘प्रेज’. भार टाकण्याचा कळप ‘ऑन’ घेतो: ‘डिपेंड’, ‘रिलाय’, ‘काउंट’. नजर रोखण्याचा ‘ॲट’ घेतो: ‘लुक’, ‘स्टेअर’, ‘ग्लान्स’, ‘गेझ’.

कळपाबाहेर उभी असलेली क्रियापदंही लक्षात ठेवा. ‘फोर्बिड’ हे ‘प्रोहिबिट’च्याच अर्थाचं, पण ‘फोर्बिड हिम टू गो’ हा त्याचा नेहमीचा साचा. ‘अक्यूज’ला ‘ऑफ’ लागतं, पण पोलिसांनी रीतसर आरोप ठेवला तर ‘चार्ज’ला ‘विथ’ लागतं. ‘कंग्रॅच्युलेट’ला ‘ऑन’ लागतं, तिथे मनात ‘फॉर’ येतंच.

आणखी एका जोडीपाशी थोडं थांबायला हवं. ‘रॉब’ आणि ‘स्टील’ दोन्ही चोरीचीच, पण त्यांचं कर्म वेगळं. ‘रॉब’ ज्याला लुटलं त्याला पकडतं: ‘दे रॉब्ड द बँक’. ‘स्टील’ जे चोरलं त्याला पकडतं: ‘दे स्टोल द मनी फ्रॉम द बँक’. ‘दे स्टोल द बँक’ म्हणजे बँकच उचलून नेली. साचा म्हणजे नुसतं प्रेपोझिशन नव्हे, कर्माच्या जागी कोण बसतं हेसुद्धा त्यातच आलं.

## ४. ज्यांना प्रेपोझिशन नकोच, ती यादी वेगळी काढा

विसरलेल्या प्रेपोझिशनइतकीच, कदाचित जास्तच, जादा प्रेपोझिशनची चूक होते. खालच्या क्रियापदांनंतर थेट कर्म येतं.

‘डिस्कस द प्लॅन’, ‘डिस्कस अबाउट’ नाही. ‘मेन्शन द प्रॉब्लेम’, ‘मेन्शन अबाउट’ नाही. ‘एंटर द रूम’. ‘रीच द स्टेशन’. ‘अप्रोच द डोअर’. ‘मॅरी हिम’. ‘रिझेंबल हर मदर’. ‘कॉन्टॅक्ट द ऑफिस’. ‘आन्सर द क्वेश्चन’. ‘अटेंड द मीटिंग’. ‘लॅक करेज’. ‘एम्फसाइज द पॉइंट’. ‘ऑर्डर अ बुक’. ‘रिक्वेस्ट अ कॉपी’.

इथे चूक का होते याला मराठी एकटी जबाबदार नाही. इंग्रजीच आपल्याला फसवते, कारण याच क्रियापदांची नामं मात्र प्रेपोझिशन घेतात. ‘अ डिस्कशन अबाउट द प्लॅन’ बरोबर. ‘अ रिक्वेस्ट फॉर अ कॉपी’ बरोबर. ‘ॲन आन्सर टू द क्वेश्चन’, ‘एम्फसिस ऑन द पॉइंट’, ‘अ लॅक ऑफ करेज’, ‘ॲन ऑर्डर फॉर अ बुक’ सगळी बरोबर. ‘रिक्वेस्ट फॉर’ तुम्ही पत्रांत शेकडो वेळा वाचलेलं असतं, पण नाम म्हणून. हात मग क्रियापदामागेही तेच लिहितो. म्हणून वहीत नाम आणि क्रियापद शेजारी शेजारी लिहा: डावीकडे ‘रिक्वेस्ट अ कॉपी’, उजवीकडे ‘अ रिक्वेस्ट फॉर अ कॉपी’.

काही क्रियापदांना प्रेपोझिशन लावलं की ती चुकत नाहीत, पण वेगळंच काहीतरी सांगू लागतात. ‘एंटर इनटू ॲन अग्रीमेंट’ म्हणजे करार करणं. खोलीत शिरताना मात्र ‘इनटू’ नको. ‘अटेंड अ मीटिंग’ म्हणजे हजर राहणं, ‘अटेंड टू अ पेशंट’ म्हणजे रुग्णाकडे लक्ष देणं. ‘मॅरी’ला ‘विथ’ नको, पण लग्न झालेलं असण्याची अवस्था सांगताना ‘शी इज मॅरीड टू अ डॉक्टर’ असं ‘टू’ येतं. ‘विथ’ इथेही नाही.

‘कोप अप विथ’ हा आणखी एक नेहमीचा पाहुणा. ‘कोप विथ’ एवढंच पुरे. ‘कम्प्राइज’ला औपचारिक लेखनात ‘ऑफ’ टाळा; ‘ऑफ’ हवं असेल तर ‘कन्सिस्ट ऑफ’ वापरा.

## ५. ‘मला’चा सापळा

मराठीत मला सांग, मला दाखव, मला समजाव, मला सुचव, सगळीकडे एकच ‘मला’. इंग्रजीत याचे दोन गट पडतात.

पहिल्या गटात माणूस थेट क्रियापदाला चिकटतो: ‘टेल मी’, ‘शो मी’, ‘गिव्ह मी’, ‘टीच मी’, ‘सेंड मी’. दुसऱ्या गटात आधी गोष्ट, मग ‘टू’, मग माणूस: ‘एक्सप्लेन द रूल टू मी’, ‘डिस्क्राइब द हाउस टू मी’, ‘से इट टू मी’, ‘इंट्रोड्यूस हिम टू मी’. ‘एक्सप्लेन मी’ आणि ‘सजेस्ट मी’ ही दोन रूपं आपल्याकडून इतक्या सहज बाहेर पडतात की ती चूक आहेत हे ऐकून माणसं चकित होतात. ‘सजेस्ट’च्या बाबतीत तर बऱ्याचदा माणूस गाळलेलाच बरा: ‘कॅन यू सजेस्ट अ गुड बुक?’ विचारणारा कोण ते ऐकणाऱ्याला कळतंच.

## ६. प्रेपोझिशन बदललं की अर्थ बदलतो

या टप्प्याला घाई करू नका. इथवर प्रेपोझिशन म्हणजे पाळायचा नियम होता, इथे ते अर्थ पोचवण्याचं साधन होतं.

‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे त्याने झेलावा म्हणून चेंडू टाकणं. ‘थ्रो द बॉल ॲट हिम’ म्हणजे त्याला लागावा म्हणून फेकणं. ‘शाउट टू मी’ म्हणजे लांबून ऐकू यावं म्हणून ओरडणं, ‘शाउट ॲट मी’ म्हणजे माझ्यावर ओरडणं. दोन्ही ठिकाणी ‘टू’ समोरच्याला सहभागी धरतं, तर ‘ॲट’ त्याला लक्ष्य करतं. हा भेद एकदा कळला की ‘लाफ ॲट’ला ‘ॲट’ का शोभतं हेही उमगतं.

‘आस्क’ घ्या. ‘आस्क हिम’ म्हणजे त्याला विचार. ‘आस्क फॉर हेल्प’ म्हणजे मदत माग. ‘आस्क फॉर हिम’ म्हणजे अमुक माणसाला भेटायचंय असं सांग. मधला ‘फॉर’ गळला तर विचारणं आणि मागणं यांची अदलाबदल होते.

‘सर्च द बॅग’ म्हणजे बॅग तपासणं, ‘सर्च फॉर द बॅग’ म्हणजे बॅग हरवली आहे म्हणून शोधणं. ‘बिलीव्ह हिम’ म्हणजे तो आत्ता म्हणतोय ते खरं मानणं, ‘बिलीव्ह इन हिम’ म्हणजे त्याच्या क्षमतेवर, त्याच्या चांगुलपणावर भरवसा ठेवणं.

‘अग्री’ला तीन वाटा आहेत. माणसाशी किंवा मताशी सहमत असाल तर ‘विथ’. समोर आलेला प्रस्ताव मान्य करत असाल तर ‘टू’. दोघांनी मिळून काही ठरवलं तर ‘ऑन’: ‘दे अग्रीड ऑन अ डेट’. ‘आय अग्री टू यू’ असं मात्र कधीच नाही.

कार्यालयीन लेखनात सर्वाधिक घोळ घालणारी जोडी म्हणजे ‘रिझल्ट इन’ आणि ‘रिझल्ट फ्रॉम’. ‘द लीक रिझल्टेड इन अ फायर’: गळती आधी, आग नंतर. ‘द फायर रिझल्टेड फ्रॉम अ लीक’: घटना तीच, पण वाक्य परिणामापासून सुरू झालं. इथे प्रेपोझिशन चुकलं तर कारण आणि परिणाम उलटे होतात, आणि अहवाल वाचणाऱ्याला ते कळायला दुसरा काही मार्ग नसतो.

‘अराइव्ह’ला ‘टू’ कधीही नाही. शहर किंवा देश असेल तर ‘इन’, ठिकाण किंवा इमारत असेल तर ‘ॲट’.

## ७. प्रेपोझिशननंतर क्रिया आली तर आयएनजी

प्रेपोझिशननंतर नाम येतं. तिथे क्रिया आणायची असेल तर तिला नामासारखं रूप घ्यावं लागतं, म्हणजे आयएनजी: ‘इन्सिस्ट ऑन पेइंग’, ‘सक्सीड इन फाइंडिंग’, ‘थँक यू फॉर कमिंग’, ‘प्रिव्हेंट हिम फ्रॉम लीव्हिंग’. इथे फारशी अडचण येत नाही.

अडचण ‘टू’पाशी येते, कारण इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. ‘आय वाँट टू गो’मधलं ‘टू’ क्रियापदाच्या मूळ रूपाचं. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’मधलं ‘टू’ खरं प्रेपोझिशन. म्हणून पत्राच्या शेवटी ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’ लिहिणं चूक आहे.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. ‘टू’च्या पुढे ‘दॅट’ ठेवून पाहा. ‘आय लुक फॉरवर्ड टू दॅट’ बरोबर वाटतं, म्हणजे ते प्रेपोझिशन, पुढे आयएनजी. ‘आय वाँट टू दॅट’ अर्थहीन होतं, म्हणजे पुढे मूळ क्रियापद. या परीक्षेत ‘ऑब्जेक्ट टू’, ‘कन्फेस टू’, ‘रिझॉर्ट टू’, ‘बी कमिटेड टू’, ‘बी अकस्टम्ड टू’ ही सगळी आयएनजीच्या बाजूला जातात.

‘यूज्ड टू’ दोन्हीकडे आहे, म्हणून ते नीट पाहा. ‘आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट’ म्हणजे पूर्वी रात्री काम करायचो, आता नाही. ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट’ म्हणजे रात्री काम करण्याची सवय आहे. ‘यूज्ड टू’च्या आधी ‘ॲम’ किंवा ‘गेट’ असेल तर सवय आणि आयएनजी.

## ८. वाक्य फिरवताना जोडी तुटू देऊ नका

साध्या वाक्यात ‘वेट फॉर’ बरोबर लिहिणारेही प्रश्न विचारताना ‘व्हॉट आर यू वेटिंग?’ म्हणून जातात. कर्म पुढे गेलं तरी प्रेपोझिशन जागेवरच राहतं: ‘व्हॉट आर यू वेटिंग फॉर?’, ‘हू डज इट बिलाँग टू?’

‘द फाइल आय वॉज लुकिंग फॉर’, ‘अ चेअर टू सिट ऑन’, ‘समवन टू टॉक टू’ यांतही तसंच. पॅसिव्हमध्येही: ‘द पेशंट वॉज लुक्ड आफ्टर बाय अ नर्स’. ‘आफ्टर’ आणि ‘बाय’ शेजारी आले म्हणून बिचकू नका, दोघांचं काम वेगळं आहे.

वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन नको, असं तुम्हाला कदाचित शिकवलं असेल. जॉन ड्रायडन या कवीने १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या एका ओळीला हाच दोष दिला होता आणि पुढे तो समज पाठ्यपुस्तकांत रुजला. चांगल्या इंग्रजी लेखनाने तो सरसकट कधीच पाळलेला नाही. औपचारिक ठिकाणी ‘द हाउस इन व्हिच वी लिव्ह’ म्हणा, एरवी ‘द हाउस वी लिव्ह इन’. दोन्ही एकदम करून ‘इन व्हिच वी लिव्ह इन’ मात्र नको.

दोन क्रियापदांचं कर्म एकच असेल तर प्रत्येकाचं प्रेपोझिशन आपापल्या जागी हवं: ‘आय लिसन्ड टू अँड अग्रीड विथ हर’. कानाला जड वाटलं तर वाक्यं दोन करा.

## ९. प्रेपोझिशन कधी गळतं

कर्मच नसेल तर प्रेपोझिशनही नाही: ‘लिसन!’, ‘वेट!’, ‘इट डिपेंड्स.’

पुढे ‘दॅट’ने सुरू होणारं वाक्य असेल तरी ते गळतं. ‘ही कम्प्लेन्ड अबाउट द कोल्ड’, पण ‘ही कम्प्लेन्ड दॅट द रूम वॉज कोल्ड’. ‘अबाउट दॅट द रूम’ होत नाही.

पुढे ‘व्हाय’, ‘हाउ’, ‘व्हॉट’ आले तर बहुतेक वेळा ते टिकतं: ‘वी टॉक्ड अबाउट व्हाय इट फेल्ड’. ‘डिपेंड’मागचं ‘ऑन’ मात्र बोलताना अशा ठिकाणी सुटलेलं ऐकू येईल. लिहिताना ठेवा.

‘पाऊस थांबायची वाट पाहतोय’ हे कसं म्हणायचं, यावर अनेक जण अडतात आणि ‘वेटिंग दॅट’ लिहितात. साचा असा आहे: ‘आय ॲम वेटिंग फॉर द रेन टू स्टॉप’. ‘फॉर’नंतर जो काही करणार तो, मग ‘टू’ आणि मूळ क्रियापद. ‘अरेंज फॉर’चाही हाच साचा.

## १०. फ्रेजल व्हर्बची गल्लत करू नका

‘लुक ॲट’ आणि ‘लुक अप’ दिसायला सारखे, वागायला वेगळे. सर्वनाम घालून पाहा. ‘लुक ॲट इट’ म्हणतात, ‘लुक इट ॲट’ नाही. याउलट ‘लुक इट अप’ म्हणतात, आणि शब्द कोशात शोधणं या अर्थी ‘लुक अप इट’ चालत नाही. पहिल्यात प्रेपोझिशन कर्माला धरून राहतं, दुसऱ्यात, म्हणजे फ्रेजल व्हर्बमध्ये, ‘अप’ हा क्रियापदाचाच तुकडा असतो आणि सर्वनाम मध्ये घ्यावंच लागतं.

कानानेही फरक कळतो. ‘लुक ॲट इट’मध्ये जोर ‘लुक’वर, ‘लुक इट अप’मध्ये ‘अप’वर. वहीत या दोघांसाठी वेगळी पानं ठेवा, एकत्र लिहिलीत तर दोन्हींचे नियम सरमिसळ होतील.

## ११. स्वतःचा मजकूर तपासताना

लिहितानाच सगळं सांभाळायला जाऊ नका, विचार अडखळतो. लिहून झालं की एक फेरी फक्त क्रियापदांसाठी करा. प्रत्येक मुख्य क्रियापदावर बोट ठेवा आणि त्यामागचा शब्द कुठून आला ते स्वतःला विचारा: कोशातून, वाचनातून की मराठी प्रत्ययातून? तिसरं उत्तर आलं की कोश उघडा. मजकूर संगणकावर असेल तर ‘डिस्कस’, ‘मेन्शन’, ‘रिक्वेस्ट’, ‘एक्सप्लेन’, ‘सजेस्ट’ आणि ‘फॉरवर्ड टू’ हे शब्द थेट शोधून काढा. बहुतेक चुका एवढ्यातच हाती लागतात.

शेवटी ब्रिटिश आणि अमेरिकन वापरातला फरक. ब्रिटिश ‘राइट टू मी’ म्हणतात, अमेरिकनांना ‘राइट मी’ चालतं. न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागताना ब्रिटिश ‘अपील अगेन्स्ट द डिसिजन’ लिहितात, अमेरिकन ‘अपील द डिसिजन’. ठरवून घेतलेल्या बैठकीसाठी अमेरिकन ‘मीट विथ’ सर्रास वापरतात. यांतलं काहीच चूक नाही, फक्त एका मजकुरात एकच पद्धत ठेवा. कोशात अशा नोंदींपुढे ब्रिटिश किंवा अमेरिकन अशी खूण असते. ती खूण नसेल आणि तुमचं प्रेपोझिशन नोंदीत सापडत नसेल, तर ते बदला.